समान मॅच फी मिळाली, मग असमानता उरली कुठे?

आपण विचारले आहे की, भारताच्या महिलांनी नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्यांची मॅच फी पुरुषांइतकी झाली, बक्षिसाची रक्कम तर पुरुषांच्या स्पर्धेपेक्षाही जास्त ठरली. असे असताना जगभरात महिलांचे हक्क धोक्यात आहेत, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही का? मी नेरुळला राहते आणि शाळेतल्या मुलींच्या क्रिकेटशी माझा थोडाफार संबंध येतो, म्हणून उत्तर क्रिकेटच्याच अंगाने देते. माझ्या मते ही अतिशयोक्ती नाही, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण याच खेळात, याच स्पर्धेच्या महिन्यात आपल्यासमोर होते.

जे मिळाले ते लहान नाही, हे मात्र आधी मान्य केले पाहिजे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले, तेव्हा विजेत्यांसाठी ४४ लाख ८० हजार डॉलरचे बक्षीस होते. संपूर्ण स्पर्धेची बक्षीस रक्कम १ कोटी ३८ लाख ८० हजार डॉलर होती. २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी ती १ कोटी डॉलर होती. २००५ मध्येही भारतीय महिला अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या आणि त्या स्पर्धेत आम्हाला एका सामन्याचे हजार रुपये मिळाले, असे तेव्हाच्या कर्णधार मिताली राज यांनी नंतर सांगितले आहे. महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ मध्ये, म्हणजे पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन वर्षे आधी झाला होता. तरी भारतातले महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या (बीसीसीआयच्या) छत्राखाली यायला २००६ साल उजाडले. (आणि नवी मुंबईला हे सामने मिळाले तेही बंगळुरूमध्ये जूनमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीनंतर तिथले सामने हलवावे लागले म्हणून, आपल्या अभिमानात ही गोष्ट सहसा राहून जाते.)

आता मॅच फीचा हिशेब पाहू. बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला आणि पुरुष दोघांनाही कसोटीसाठी १५ लाख, एकदिवसीय सामन्यासाठी ६ लाख आणि टी-ट्वेंटीसाठी ३ लाख रुपये देण्याचे जाहीर केले. निर्णय चांगलाच आहे, परंतु फी सामन्यागणिक मिळते आणि सामने ठरवणारे दुसरेच असतात. नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ या काळात भारतीय महिला एकही कसोटी खेळल्या नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये याच डी. वाय. पाटीलवर त्यांनी इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवले, जो महिला कसोटीतला धावांच्या फरकाने झालेला सर्वांत मोठा विजय होता. यावरून पात्रतेची अडचण नव्हती एवढे तरी दिसते. सर्वांत मोठी फी ज्या प्रकारच्या सामन्याला आहे, तोच त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी येतो. वार्षिक करारांत तर समानतेचा प्रश्नच नव्हता. विश्वविजयाच्या वेळी महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला वर्षाला ५० लाख रुपये मिळत होते आणि पुरुषांच्या सर्वांत खालच्या श्रेणीला १ कोटी. पुरुषांचे सामने अधिक पैसा आणतात, हा युक्तिवाद मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. पण ज्या खेळात पन्नास वर्षे पैसा घातला नाही, त्याने पैसा का आणला नाही, असे विचारणे मला रास्त वाटत नाही.

मैदानापर्यंत पोहोचण्याआधीच जी गळती होते, तिची नोंद कोणत्याही करारात होत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि ती करणारे पुरुष ८८ मिनिटे. नेरुळ-सीवूड्सला सिडकोने मैदानांसाठी जागा राखली आहे, पण संध्याकाळी तिथे प्रामुख्याने मुलगेच दिसतात. सातवी-आठवीत चांगली गोलंदाजी करणारी मुलगी नववीत सरावाला येईनाशी होते, तेव्हा कारण विचारले तर धाकट्या भावाला सांभाळायचे असते, नाहीतर आई कामावरून उशिरा येते. मनाई कोणीच केलेली नसते.

मिळालेला हक्क कायमचा असतो, हाही समज गेल्या काही वर्षांत खोटा ठरला आहे. अमेरिकेत १९७३ पासून गर्भपाताला असलेले घटनात्मक संरक्षण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये काढून घेतले. ते पाहून फ्रान्सने मार्च २०२४ मध्ये हे स्वातंत्र्य थेट राज्यघटनेत लिहून टाकले.

परंतु हक्क एका फटक्यात कसे जातात हे पाहायचे असेल, तर अफगाणिस्तानकडे पाहावे लागते. अफगाण क्रिकेट मंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये २५ महिला खेळाडूंना करार दिले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये आले आणि त्यांतल्या बहुतेक जणींना देश सोडून ऑस्ट्रेलिया गाठावे लागले. मागे राहिलेल्या मुलींसाठी आधी सहावीपुढची शाळा, मग डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठे आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका व सुईणींचे प्रशिक्षणही बंद झाले. ज्या समाजात अनेक ठिकाणी स्त्रीने पुरुष डॉक्टरकडे जाणे अवघड आहे, तिथे या शेवटच्या बंदीचा अर्थ काय होतो, हे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नसावी; कल्याणच्या आनंदीबाई जोशी नेमक्या याच अडचणीवर उत्तर म्हणून अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. अफगाणिस्तानच्या रशीद खानसारख्या पुरुष खेळाडूनेही प्रशिक्षणावरच्या या बंदीविरुद्ध जाहीरपणे लिहिले. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध लिंगाधारित छळाच्या आरोपावरून अटक वॉरंट काढले.

याची झळ आपल्यापर्यंतही आली. विश्वचषक चालू असतानाच, १० ऑक्टोबर २०२५ रोजी, तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी यांनी दिल्लीतील अफगाण दूतावासात पत्रकार परिषद घेतली आणि तिथे महिला पत्रकार नव्हत्या. ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद झाली, तिला महिलांना बोलावण्यात आले. आपण ज्या ‘ओरडीला’ अतिशयोक्ती म्हणता, तिचा एवढा तरी उपयोग तेव्हा झाला.

क्रिकेटने काय केले? ऑस्ट्रेलियाने अफगाणिस्तानच्या पुरुष संघाविरुद्धच्या मालिका वारंवार टाळल्या, परंतु आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या (आयसीसीच्या) स्पर्धांत त्यांच्याविरुद्ध खेळणे सुरूच ठेवले. २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या मॅक्सवेलने नाबाद २०१ धावा काढल्या, तो सामना अफगाणिस्तानविरुद्धचाच होता. मी तो सामना आनंदाने पाहिला आणि अफगाण खेळाडूंवर बहिष्कार टाकावा, असे मला आजही वाटत नाही, कारण फर्मान त्यांनी काढलेले नाही. निर्वासित महिला खेळाडू जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला प्रथमच संघ म्हणून एकत्र खेळल्या. एप्रिलमध्ये आयसीसीने भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या मंडळांबरोबर त्यांच्यासाठी मदतीची योजना जाहीर केली. मदत मिळते, पण अफगाणिस्तानचा संघ म्हणून त्यांना विश्वचषकाची पात्रता फेरी खेळता येत नाही, कारण राष्ट्रीय संघ निवडण्याचा अधिकार त्या देशाच्या मंडळाला असतो आणि ते मंडळ काबूलमध्ये आहे. हा नियम माणसांनीच केलेला आहे आणि तो बदलण्याचा अधिकार आयसीसीकडे आहे, जिच्या अध्यक्षपदी डिसेंबर २०२४ पासून बीसीसीआयचे माजी सचिव जय शहा आहेत; नेरुळच्या मैदानावर टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यासारख्या प्रेक्षकांनी हा प्रश्न विचारायचा झाला, तर पत्ता फार लांबचा नाही.