वाचकांचे प्रश्न : छोट्या विमानात वैमानिकच बेशुद्ध पडला तर?

प्रश्न : माझा भाचा फ्लोरिडात राहतो. त्याने खासगी विमान चालवण्याचा परवाना नुकताच मिळवला असून येत्या हिवाळ्यात आम्हा उभयतांना चार आसनी सेसना विमानातून बहामा बेटांवर नेण्याचा त्याचा बेत आहे. विमानात वैमानिक म्हणून तो एकटाच असेल. वाटेत त्यालाच काही झाले तर आम्ही काय करायचे, असे विचारले की तो विषय हसण्यावारी नेतो. — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. तुम्ही ज्या समुद्रावरून जाणार आहात, त्याच समुद्रावर १० मे २०२२ रोजी हे घडले होते. बहामातील मार्श हार्बरहून फ्लोरिडाकडे येणाऱ्या एक इंजिनाच्या सेसना कॅराव्हॅन विमानात वैमानिकाच्या महारोहिणीचे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे, आतले अस्तर फाटले आणि तो शुद्ध हरपून कोसळला. विमान नाक खाली करून वेगाने उतरू लागले, तेव्हा विमान चालवण्याचा कोणताही अनुभव नसलेला एक प्रवासी मागच्या आसनावरून पुढे आला आणि त्याने योक, म्हणजे मोटारीच्या स्टिअरिंगसारखे दिसणारे चाक, हळूहळू आपल्याकडे ओढून विमान सावरले. ते हिसका देऊन ओढले असते तर पंखांवर असह्य ताण आला असता किंवा विमानाचा वेग एकदम पडला असता.

पुढे रेडिओवरून फ्लोरिडातील फोर्ट पिअर्सच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने त्याला एवढेच सांगितले की पंख समतल ठेवा आणि किनारा दिसला की त्याच्या कडेने उत्तरेला किंवा दक्षिणेला जात राहा. तोवर रडारवर विमानाचा शोध घेतला गेला. नंतर फ्लोरिडातल्याच पाम बीचच्या एका नियंत्रकाने सूत्रे हाती घेतली. तो स्वतः उड्डाण प्रशिक्षक होता, परंतु हे विशिष्ट विमान त्याने कधी चालवले नव्हते, म्हणून त्याने कॉकपिटचे छायाचित्र समोर ठेवून एकेक सूचना दिली. विमान पाम बीचच्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या धावपट्टीवर सुखरूप उतरले आणि वैमानिकही वाचला. बातम्यांचा सगळा भर ‘प्रवाशाने विमान उतरवले’ यावर होता. माझ्या मते त्या दिवशीचे खरे काम पहिल्या मिनिटातच झाले होते. विमान हाती आल्यावर उतरवायला वेळ होता आणि मार्गदर्शकही होता.

म्हणून तुमच्यापैकी जो पुढच्या आसनावर बसेल त्याने पहिल्या मिनिटाचा विचार आधी करून ठेवावा. सरळ उडणारे, नीट ट्रिम केलेले, म्हणजे योक न धरताही समतोल राहील असे जुळवलेले विमान वैमानिकाचा हात सुटला म्हणून दगडासारखे खाली पडत नाही. धोका असतो तो बेशुद्ध वैमानिकाचे शरीर योकवर कलंडण्याचा आणि त्याचे पाय रडरच्या, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरील झडपेच्या, पेडलांवर अडकण्याचा. त्याचे खांदे मागे ओढून खांद्याचा पट्टा आवळावा आणि जमल्यास त्याचे आसन मागे सरकवावे. नजर काचेबाहेरच्या क्षितिजावर ठेवावी. ऑटोपायलट सुरू असेल तर त्याला हात लावू नये. मग योकवरील बटण दाबून, चालू असलेल्या फ्रिक्वेन्सीवरच बोलावे : ‘मेडे’ तीनदा, पॅनेलवर लिहिलेला विमानाचा क्रमांक, वैमानिक बेशुद्ध असल्याचे आणि विमानात किती माणसे आहेत ते. उत्तर आले नाही तर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी आहे. ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या उपकरणावर, ७७०० हा आणीबाणीचा आकडा टाकल्यास रडारवर तुमचे विमान ठळकपणे दिसते. नवख्या माणसाकडून हमखास होणारी चूक म्हणजे बोलून झाल्यावर बटण न सोडणे. ते दाबलेले असेपर्यंत तुम्हाला उत्तर ऐकूच येत नाही.

या गोष्टी भाच्याने विमान जमिनीवर उभे असतानाच, तुमचा हात त्या त्या ठिकाणी ठेवून, दाखवाव्यात. बहुतेक सेसना १७२ विमानांत काळी मूठ ही थ्रॉटल असते, ती आत ढकलली की इंजिनाची ताकद वाढते; तिच्या शेजारची लाल मूठ इंधनाच्या मिश्रणाची असते आणि ती बाहेर ओढली की इंजिन बंद पडते. हा फरक आकाशात शिकण्याजोगा नाही. अमेरिकेत वैमानिकांच्या सोबत्यांसाठी असे छोटे अभ्यासक्रम अनेक दशकांपासून चालतात, तेव्हा एक दिवस त्यासाठी काढणे श्रेयस्कर. आणि जाता जाता : एक इंजिनाचे विमान समुद्रावरून जाणार असेल तर लाइफ जॅकेट आसनाखाली न ठेवता, न फुगवता अंगावरच घालून बसावे.

हृदयविकारापेक्षा फसवा प्रकार म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानात उबेसाठी घेतलेली हवा सहसा एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या नळीच्या, तप्त आवरणावरून येते आणि तिथे तडा गेला की हा गंधहीन वायू केबिनमध्ये शिरतो. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पायपर मालिबू विमानातून फ्रान्समधील नाँतहून ब्रिटनमधील कार्डिफला निघाला होता ते इंग्लिश खाडीत कोसळले. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण ५८ टक्के आढळले आणि वैमानिकालाही या वायूची बाधा झाली असावी, असा ब्रिटिश तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. अशा वेळी वैमानिकाला आपले बिघडते आहे हे कळतच नाही, आणि शेजारी बसलेल्याचेही तेच होते. डोके दुखू लागले, सुस्ती आली किंवा भाचा असंबद्ध बोलू लागला, तर हीटर बंद करून बाहेरच्या हवेच्या झडपा उघडायला सांगा. केबिनमध्ये बसवण्याचा इलेक्ट्रॉनिक शोधक फार महाग नसतो. भाच्याला भेट द्यायची झाली तर हीच द्यावी.

प्रश्न : संकटात एक बटण दाबले की विमान आपोआप उतरते, हे खरे आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : खरे आहे, पण सर्व विमानांत नाही. गार्मिन कंपनीच्या ‘ऑटोलँड’ प्रणालीला पायपर एम६०० या छोट्या विमानासाठी २०२० साली मान्यता मिळाली. ती स्वतः विमानतळ निवडते, नियंत्रकांना रेडिओवर कळवते, विमान उतरवते आणि इंजिनही बंद करते. सर्वसाधारण सेसना १७२ मध्ये ती नसते. सिरस एसआर२२ या छोट्या विमानात मात्र संपूर्ण विमानासाठी पॅराशूट असते आणि ते उघडण्याचे हँडल छतात असते.

प्रश्न : माझी मुलगी वैमानिक प्रशिक्षण घेत आहे. उड्डाणात प्रशिक्षकालाच काही झाले तर? — एक पालक, बारामती

उत्तर : प्रशिक्षण विमानात दोन्ही आसनांसमोर नियंत्रणे असतात, त्यामुळे ती आधीच योग्य जागी बसलेली असेल. ऑस्ट्रेलियात पर्थजवळील जंडाकोट येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सेसना १५२ मध्ये प्रशिक्षक बेशुद्ध पडला, तेव्हा त्यापूर्वी कधीही विमान न उतरवलेल्या विद्यार्थ्याने नियंत्रकाच्या सूचनांनुसार ते धावपट्टीवर आणले. मुलीने पहिल्या काही तासांतच रेडिओवर स्वतः बोलण्याचा सराव प्रशिक्षकाकडे मागून घ्यावा. बरेच विद्यार्थी संकोचापोटी ते काम प्रशिक्षकावरच सोडून देतात.