५ लाखांच्या आरोग्य कवचाने घराचा खर्च आणि विषमता खरोखर कमी होते का?

महाराष्ट्रातील प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपयांचे आरोग्य कवच मिळाल्यामुळे सामान्य घराचा दवाखान्याचा खर्च आणि गरीब-श्रीमंतांतील अंतर खरोखर कमी होते का, असे आपण विचारले आहे. मी परभणी जिल्ह्यात राहतो आणि नात्यागोत्यातील रुग्णांच्या कागदपत्रांची धावपळ बहुधा माझ्याकडेच येते. शस्त्रक्रियेचे मोठे बिल या योजनेने निश्चितच हलके केले, परंतु घराला कर्जात लोटणारा खर्च बऱ्याचदा त्या बिलाच्या आधी आणि नंतर असतो, असे माझे मत झाले आहे.

हीच योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यातून त्यात एकटे नांदेड होते. वर्षाला दीड लाखाचे कवच आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका, असा तो व्यवहार होता. पुढे आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरीही त्यात आले आणि त्या यादीत मराठवाड्यातील आठही जिल्हे होते, त्यामुळे कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या, पण कागदोपत्री गरीब न ठरणाऱ्या घरांना आपल्याकडे बऱ्याच आधी आधार मिळाला. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० मध्ये ती आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली आणि २०२३ च्या निर्णयाने शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली.

माझ्या चुलत मामांना हृदयाचा त्रास झाला, तेव्हा आमच्या तालुक्यात ती सोय नसल्याने त्यांना छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागले. अँजिओप्लास्टी योजनेत मंजूर झाली आणि तिचा एक रुपयाही लागला नाही, हे मान्यच करायला हवे. मात्र मंजुरीसाठी आधी अँजिओग्राफीचा अहवाल हवा होता आणि त्याचे पैसे त्या खासगी रुग्णालयाने रोखीने घेतले. गाडीभाडे, सोबतच्या दोघांचा मुक्काम आणि मामी व मुलाची ऐन सोयाबीन काढणीतली बुडालेली मजुरी यांसाठी आडत्याकडून उचल घ्यावी लागली, म्हणजे माल त्यालाच आणि तो म्हणेल त्या भावाने घालणे आले. घरी परतल्यावर रक्त पातळ ठेवण्याच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दर महिन्याला सुरूच आहेत. ही योजना मुळात भरती झालेल्या रुग्णाची आहे, त्यामुळे बाह्यरुग्ण तपासणी आणि वर्षानुवर्षांची औषधे तिच्या कक्षेबाहेर राहतात.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे, पण बुडालेली मजुरी आणि उसनवारीचे व्याज त्या हिशेबात येतच नाही.

विषमतेचे म्हणाल, तर पूर्वी ती शिधापत्रिकेत दिसत होती, आता ती अंतरात आणि ओळखीत दिसते. मोठी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील झालेली, रुग्णालये संभाजीनगर, नांदेड आणि लातूर येथे एकवटलेली आहेत. तिथला नोकरदार आरोग्यमित्राशी, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाशी, चार शब्द बोलून काम करून घेतो आणि जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातला मजूर कार्ड हातात घेऊन बाकड्यावर बसून राहतो. हक्क सर्वांना मिळाला, खाटा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत.

शासकीय रुग्णालयांचाही एक घोळ आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले, परंतु संभाजीनगरचे घाटी किंवा अंबाजोगाईचे शासकीय रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तो निर्णय त्यांना लागू नव्हता. ज्याला हा फरक माहीत नाही, तो केसपेपरच्या खिडकीवरच हुज्जत घालतो.

त्यामुळे कवचाची मर्यादा ५ लाखांवरून आणखी वाढवण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या बाराही महिने मिळतील एवढी तजवीज आधी झाली, तर आमच्याकडील घरांचा खर्च अधिक कमी होईल, असे मला वाटते. सध्या त्या संपल्या की लोक मेडिकलमधून चार दिवसांच्या गोळ्या घेतात आणि मग थेट झटका येईपर्यंत थांबतात.