लोहाची गोळी, शेगडी आणि सव्वा महिना

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. तीन महिने लोहाची गोळी घेतेय, तरी हिमोग्लोबिन ९.२. मळमळते, शौचाला काळे होते. गोळी बंद करू का?

उत्तर : बंद करू नका. आधी ती कशाबरोबर पोटात जाते ते बघा. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. सकाळच्या चहाबरोबर ती गिळली की चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि बरेचसे लोह रक्तात न जाता तसेच बाहेर पडते. कॅल्शियमही लोह अडवते. तरी दोन्ही गोळ्या एकाच डबीतून काढून एकदम घेणाऱ्या कितीतरी जणी असतात! कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या खाण्याबरोबर घ्या. लोह रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्या, म्हणजे मळमळ झोपेत निघून जाते. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, तिनेही लोह कमी शोषले जाते. काळा रंग लोहाचाच, त्याची काळजी नको.

गरोदरपणात ११च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. ९.२ला डॉक्टर बहुधा गोळ्या वाढवतात. नीट घेऊनही महिन्याभरात साधारण १ने वाढले नाही, तर शिरेतून लोह द्यायचे का, ते विचारा. आता प्रसूतीला फार वेळ उरलेला नाही. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागातल्या असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे ना, तेही बघा. आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस गोळी घ्यायची असते. बहुतेक जणी दवाखान्यातून घरी आल्या की ती सोडून देतात.

प्रश्न : मुलगी बाळंत होऊन आठ दिवस झाले. पाणी जास्त दिले तर पोट सुटते म्हणतात. शेगडीचा शेकही द्यायचा आहे.

उत्तर : पाणी तोडू नका. पोट मोठे दिसते ते गर्भाशयामुळे. ते मूळ आकाराला यायला सुमारे सहा आठवडे लागतात, पाण्याचा त्यात संबंध नाही. पाणी कमी पडले की शौचाला खडा होतो, कुंथावे लागते आणि टाके दुखतात. लघवीची जळजळही त्यातूनच सुरू होते. बाळाला पाजायला बसली की शेजारी एक पेला भरून ठेवा. दिवसात आठ-दहा वेळा पाजणे होते, तेवढे पेले आपोआप पोटात जातात.

दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी मात्र नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. आई आणि बाळ दोघांनाही गुंगी येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कमरेला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या. डिंकाचा लाडू खुशाल द्या, पण त्यापायी वरण, पालेभाजी बंद करू नका.

प्रश्न : प्रसूतीला सहा दिवस झाले. डोके फार दुखते, अंधारी येते. जागरणाने असेल का?

उत्तर : असेलही, पण तसे धरून बसू नका. आजच रक्तदाब मोजून घ्या. गरोदरपणात दाब ठीक असला तरी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो वाढू शकतो आणि झटके येऊ शकतात. १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १६०/११० असेल, किंवा अंधारी येतच राहिली, तर दाब कितीही असो, १०८ला फोन लावा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे, १००.४ फॅरनहाइटवर ताप, एकाच पोटरीला सूज, यांतले काही झाले तरी थांबू नका.

प्रश्न : वहिनी तीन आठवडे रडतेय. बाळाकडे बघावेसे वाटत नाही म्हणते. घरातले म्हणतात, नखरे आहेत.

उत्तर : तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येते, ते दोन आठवड्यांत ओसरते. तीन आठवडे झाले म्हणजे हे प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधेही मिळतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. रात्री एक पाजणे तुम्ही सांभाळा, दूध आधी काढून ठेवता येते. तिला सलग चार तास झोप मिळू द्या. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याची भाषा आली तर तिला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.