सरोगेट मातेचे मनःस्वास्थ्य: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सरोगेट म्हणून, म्हणजे दुसऱ्या दांपत्याचे बाळ पोटात वाढवून, माझी प्रसूती होऊन आठवडा झाला. बाळ माझे नाही हे आधीपासून ठाऊक होते, तरीही पान्हा फुटला की रडू कोसळते. माझे काही बिघडले आहे का?

उत्तर: नाही. वार पडल्यावर संप्रेरके झपाट्याने घटतात, त्यामुळे दूध उतरते आणि मनही हळवे होते. बाळ कोणाच्या घरी गेले याचा शरीराला पत्ता नसतो. ही अवस्था बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ती लांबली तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र एक दिवसही थांबू नये. दूध थांबवण्याचे औषधही त्यांनाच विचारावे.

प्रश्न: आमची सून सरोगेट होणार आहे. बोभाटा नको म्हणून प्रसूतीपर्यंत तिला दूर ठेवून कोणालाच काही न सांगण्याचा विचार आहे. ते तिच्या हिताचे ठरेल का?

उत्तर: मला तसे वाटत नाही. भारतातील 50 सरोगेट मातांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या बाळाची वाट पाहणाऱ्या गर्भवतींपेक्षा त्यांच्यात नैराश्य अधिक आढळले, परंतु गर्भाशी जुळलेल्या जवळिकीशी त्याचा संबंध दिसला नाही. गरोदरपणात न मिळालेला आधार, लपवाछपवी आणि लोकांची टीका यांच्याशी मात्र तो दिसला. ‘बाळ द्यावे लागले म्हणून ती खचली’ हे सरसकट लावले जाणारे अनुमान त्यामुळे अपुरे ठरते. साऱ्या गावाला सांगण्याची गरज नाही, पण ज्यांच्यापुढे सून मोकळेपणी बोलू शकेल अशी दोन-तीन माणसे तिने स्वतः निवडावीत आणि कोणाला किती सांगायचे हेही तिनेच ठरवावे. (हा प्रश्न तिने स्वतः विचारला असता तर मला अधिक बरे वाटले असते.)

प्रश्न: माझ्या सहा वर्षांच्या मुलाला काय सांगू?

उत्तर: खरे तेच, पोट दिसू लागण्यापूर्वी: हे बाळ दुसऱ्या आईबाबांचे आहे, ते त्यांच्याकडे जाईल आणि तू मात्र कायम आमचाच आहेस. आपल्यालाही देऊन टाकतील, ही भीती मूल बोलून दाखवेलच असे नाही.

प्रश्न: प्रसूतीनंतर त्या दांपत्याने माझे फोन घेणेच बंद केले. मी अपेक्षा ठेवली हे चुकले का?

उत्तर: अपेक्षा रास्तच होती. संपर्क किती आणि किती काळ ठेवायचा हे गर्भधारणेपूर्वीच ठरायला हवे होते, आणि तो विषय काढण्याची जबाबदारी मुख्यतः समुपदेशकाची होती. आता समुपदेशकामार्फत त्यांना एकदा स्पष्ट विचारणा करावी. नकार आला तरी तो निदान उघड असेल. अनिश्चिततेत फोनची वाट पाहत राहणे त्याहून अधिक थकवते.