गाडीच्या विम्याची तारीख आणि कापसाचा चुकारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणं यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडे. आठ वर्षांपूर्वी नवी घेतलेली बाराशे सीसीची पेट्रोल गाडी, वर्षाला पाच हजार किलोमीटरही फिरत नाही, आजवर एकही क्लेम घेतलेला नाही. मागच्या वर्षी पावणेनऊ हजारांत झालेल्या विम्याचे यंदा साडेतेरा हजार सांगतात. पुण्याच्या साडूची तशीच गाडी, त्याला मात्र तुमच्यापेक्षा कमी पडले. म्हणून विचारता, खेड्यातल्या माणसाला विमा महाग लावतात का?

नाही भाऊ. गाव पाहिलं तर तुम्हालाच स्वस्त पडायला हवा. खासगी गाड्यांच्या जुन्या दरपत्रकात देशाचे दोन भाग केलेले आहेत. पुणे, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं ‘ए’ झोनमध्ये, बाकी सगळा देश ‘बी’मध्ये. ‘बी’चा दर थोडा कमी. २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या, तरी हिशोबाची सुरुवात बहुतेक ठिकाणी अजून याच मांडणीवरून होते. झोन ठरतो पासिंगवरून. पुण्यातून एमएच १२ पासिंगची जुनी गाडी आणली आणि नंबर तसाच ठेवला, तर ती आपल्या अंगणात उभी राहूनही पुण्याच्या दरात मोजली जाऊ शकते. तुमची गाडी एमएच २९, म्हणजे यवतमाळ पासिंगची, तो प्रश्न नाही.

तुमचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. विमा पोळ्याच्या सुमारास संपला आणि कापूस विकून आता जानेवारीत करतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी दारव्हा तालुक्यात कास्तकारी करतो आणि जोडीला ११ वर्षं गाड्यांचे विमे काढतो. आपल्या भागात हप्ता वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण मी हेच पाहिलंय.

हप्त्याचे मुख्य दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा दर सरकार ठरवतं, कंपनी कोणतीही असो, सारखाच. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यात १००० सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. तुमची गाडी मधल्या गटात. यात घासाघीस होत नाही.

दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, त्याला एजंट ओडी म्हणतात. सगळा चढउतार इथे. गाडीची धरलेली किंमत, वय, इंजिन, झोन, कंपनीची सवलत, आणि सगळ्यांत शेवटी नो क्लेम बोनस. क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की ओडीवर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५०. आठ वर्षांत क्लेम नाही म्हणजे तुम्ही ५० टक्क्यांवर होता. पण विमा संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तर हा बोनस पूर्ण जातो. थोडा कमी होत नाही, थेट शून्यावर येतो.

तुमचेच आकडे गोल करून मांडतो. ओडी ८,००० धरा. बोनससह तो ४,०००. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवले, वर १८ टक्के जीएसटी लावला, की ८,७५१. बोनस गेला की ओडी पूर्ण ८,०००, आणि तोच हिशोब १३,४७१ वर जातो. फरक ४,७२० रुपयांचा. मालक-चालकाचा अपघात विमा यात धरलेला नाही.

आणि हे एका वर्षात संपत नाही, म्हणून जीव तुटतो. पुढच्या वर्षी तुम्ही ५० ऐवजी २० टक्क्यांवर असाल, मग २५, ३५, ४५ असं करत पाचव्या वर्षी परत ५० ला पोहोचाल. ओडी तेवढाच धरला तर पाच वर्षांत १०,००० रुपये जास्त, जीएसटीसह ११,८००. गाडीची किंमत उतरत जाते तसा प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण क्विंटलभर कापसाच्या भावापेक्षा तो जास्तच राहील.

पोळ्याला आपल्या घरात पैसा नसतो. बी, खत, फवारणी, निंदण यात सगळं वावरात गेलेलं असतं. सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा घरी येतो दसरा-दिवाळीच्या आसपास, भाव वाढेल म्हणून कापूस आणखी महिना-दीड महिना घरात राहतो, आणि जिनिंगचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हातात पडेपर्यंत ते ९० दिवस निघून जातात. पगारदार माणसाला ही अडचण येत नाही. तुमच्या साडूने तारखेला पैसे भरले असतील, एवढाच तुमच्या दोघांतला फरक मला दिसतो. माझंही असंच झालं होतं. विमा २२ ऑगस्टला संपला, ९० दिवस २० नोव्हेंबरला भरले, आणि मी डिसेंबरात चुकारा घेऊन बसलो तेव्हा ४५ टक्के बोनस गेलेला होता. दुसऱ्यांचे विमे काढणारा मी, त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या मधल्या महिन्यांत आणखी मोठी जोखीम असते. तुमच्या पाच हजार किलोमीटरातले थोडे किलोमीटर तरी त्या काळात झालेच असतील. विम्याशिवाय पकडलं तर पहिल्यांदा २,००० आणि पुढे ४,००० दंड, तो भरता येतो. पण कुणी माणूस दगावला तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाच्या अंगावर येते, आणि ती फेडायला वावर विकावं लागतं. थर्ड पार्टी विमा चालू असेल तर मृत्यू आणि जखमींच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, ती कंपनी देते. म्हणून सांगतो, पुन्हा कधी खरंच हात रिकामा असला तर निदान थर्ड पार्टी तरी भरा. त्याने ओडीचा बोनस वाचणार नाही, घर वाचेल.

गाडी कमी फिरते याची सूट आपोआप मिळत नाही. किलोमीटरवर आधारित पर्याय २०२२ पासून आलेत, ते मागून घ्यावे लागतात. तुमच्यासारख्याला ते बरे पडतात. फक्त ठरलेले किलोमीटर संपले तर काय, हे आधी विचारा.

एखादा एजंट साडेतेरा हजारांचे अकरा करून देतो म्हणाला, तर आधी आयडीव्ही पाहा. आयडीव्ही म्हणजे गाडीची धरलेली किंमत. पाच वर्षांपर्यंत तिची घट ठरलेली आहे, पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. त्यापुढे ती कंपनी आणि तुमच्यात ठरते. तिथेच ती खाली ओढून हप्ता कमी दाखवतात. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की हातात तीच कमी किंमत येते. बाजारात जुन्या गाडीला जो भाव आहे त्याच्या जवळपास आयडीव्ही ठेवा.

छोटा क्लेम घेण्याआधी वही-पेन घ्या. दोन वर्षांपूर्वी रात्री दारव्हा रोडला रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, बंपर आणि एक हेडलाइट गेला. खर्च साडेसात हजार. गॅरेजवाला म्हणाला, क्लेम टाका. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, वर प्रत्येक क्लेमला सक्तीने आपण सोसायचे १,०००, म्हणजे मला मिळणार होते तीन हजारांच्या आसपास. क्लेम घेतला की बोनस परत शून्य. मी पैसे खिशातून दिले. काम पन्नास हजारांचं असतं तर एका मिनिटाचाही विचार न करता क्लेम घेतला असता, विमा त्यासाठीच आहे.

आपल्याकडे एका जोड-संरक्षणाचा विचार जरूर करा, इंजिनचं. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी जात असताना गाडी घातली, बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला, की इंजिनात पाणी ओढलं जातं. पुराचं नुकसान साध्या पूर्ण विम्यात असतं, पण असं खराब झालेलं इंजिन बहुधा नाकारलं जातं. आठ वर्षांच्या गाडीला हे संरक्षण सगळ्या कंपन्या देत नाहीत, दोन-तीन ठिकाणी विचारा.

आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाडं घेऊन लग्नाला किंवा पेशंट घेऊन यवतमाळला नेऊ नका. आजारी माणसाला नेणं वेगळं, पैसे घेणं वेगळं. पैसे घेतल्याचं तपासात आलं की ओडीचा क्लेम गेलाच समजा. गॅस किट बसवली असेल तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढवा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. गेलेला बोनस परत मागण्यात वेळ घालवू नका, तो मिळत नाही. ‘बोनस चालू आहे असं लिहून टाकतो’ म्हणणाऱ्याच्या नादी तर अजिबात लागू नका, खोटी माहिती निघाली की क्लेम अडकतो. विमा खंडित असल्यामुळे कंपनी गाडीची पाहणी करेल, हल्ली फोनवरच फोटो-व्हिडिओ मागतात. गाडी धुऊन ठेवा आणि पैसे भरून पॉलिसी हातात येईपर्यंत ती बाहेर काढू नका. तीन कंपन्यांचे आकडे एकाच आयडीव्हीवर मागवा, नुसत्या ओडीत हजार-दीड हजारांचा फरक सहज निघतो.

यात एक गोष्ट तुमच्या बाजूची झाली आहे. नवी पॉलिसी जानेवारीत सुरू होईल, म्हणजे दरवर्षी मुदत जानेवारीत येईल, आणि तेव्हा चुकारा हातात असतो. ती तारीख पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर आजच लिहा आणि मुदतीच्या आठवडाभर आधी पैसे भरा. मी माझी तारीख तशीच सरकवून घेतली. आता पोळ्याच्या दिवसांत विम्याचा फोन येत नाही.