ट्रॉल्या स्वतः बसवाव्यात की माणूस बोलवावा?

प्रश्न : पुण्यात धायरीला आमचा बारा वर्षं जुना फ्लॅट आहे. ओटा एल आकाराचा, 8 फूट आणि 5 फूट, खाली कडप्प्याचे कप्पे. खाली स्टीलच्या ट्रॉल्या आणि वर कपाटं करायची आहेत. ग्रॅनाइट एका ठिकाणी तडकलाय, तोही बदलायचा विचार आहे. घरात ड्रिल मशीन आहे, मुलाला हातकाम जमतं. मजुरीचे आकडे ऐकून वाटतं, आपणच करावं. जमेल का?

उत्तर : ट्रॉल्या जमतील. वरची कपाटं जमतील की नाही, ते भिंत सांगेल. ग्रॅनाइटला मात्र हात लावू नका. 20 मिमी जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण 5 किलो भरतो. म्हणजे 8 बाय 2 चा तुकडा 80 किलोचा. त्यात सिंकसाठी भोक कापलं की पुढे जेमतेम तीन-चार बोटांची पट्टी उरते. दोघांनी आडवा धरून उचलला की तो हमखास तिथेच मोडतो. कारागीर तो कडेवर उभा धरून नेतात आणि ओट्यावर आल्यावरच आडवा करतात. शिवाय जुना दगड काढताना खालचा कडप्पा हलतो, म्हणून हे काम ट्रॉल्यांच्या आधी उरकून घ्या.

आता ट्रॉल्या. यात ड्रिलपेक्षा टेप महत्त्वाची. कडप्पे गवंड्याने उभे केलेले असतात, ओळंब्यात क्वचितच सापडतात. प्रत्येक कप्प्याची आतली रुंदी पुढे वर, पुढे खाली, मागे वर, मागे खाली अशी चार ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजा आणि सर्वांत लहान माप धरा. टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी, एका बाजूला 12.7 मिमी जागा खातं, दोन्ही मिळून एक इंच. म्हणून 20 इंची, म्हणजे 508 मिमीच्या कप्प्यात 19 इंची ट्रॉली बसते. पण हाच कप्पा मागे 505 मिमी निघाला तर 19 इंची ट्रॉली अर्ध्यात अडकेल. मग 17 इंची घ्यायची आणि दोन्ही बाजूंना प्लायच्या पट्ट्या मारून उरलेली जागा भरायची. उलट मागे चार-पाच मिमी जास्त असेल तर चॅनलच्या मागे सनमायकाचे तुकडे सरकवा. एक तुकडा 1 मिमीचा, हिशेब सोपा. कप्पा आत किती खोल आहे तेही बघा. 20 इंची चॅनल घेतलं आणि मागे सिंकचा पाइप आडवा आला, तर शटर, म्हणजे पुढचं दार, शेवटपर्यंत लागतच नाही.

कडप्प्यात भोक पाडताना मशीनचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर मागच्या बाजूने टवका उडतो. आधी 4 मिमीचा बिट, मग 6 चा. कडप्पा इंचभरच जाड असतो. बिटला 20 मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, तिथे थांबा. कडेपासून दीड इंचाच्या आत भोक नको. चॅनलला लांबट आणि गोल अशी दोन प्रकारची भोकं असतात. आधी लांबट भोकांतच स्क्रू मारा, ट्रॉली घालून दहा वेळा ओढून बघा. डावं-उजवं दोन मिमीने वरखाली असलं तरी ती खरखरते, आणि दोन्ही चॅनल पुढे उतरती असली तर आपोआप बाहेर येते. सगळं नीट सरकलं की मगच गोल भोकांत स्क्रू. दोघांना आठ ट्रॉल्यांसाठी दोन शनिवार-रविवार धरा. सरावाचा फिटर हेच एका दिवसात करतो, तेव्हा खरी बचत त्याच्या एका दिवसाच्या मजुरीचीच. कप्पा चुकीचा मोजून ट्रॉली वाया गेली की तीही संपली.

वरच्या कपाटांसाठी, जिथे कपाट येणार तिथेच एक छोटं भोक पाडून भुकटी बघा. लाल आली तर वीट, चिंता नाही. करडी आणि बिट पुढे जाईना, तर काँक्रीट. पांढुरकी, मऊ, बिट लोण्यात गेल्यासारखा आत, तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. त्यात स्क्रू धरणारा साधा 8 मिमीचा प्लग घातलात तर आज घट्ट वाटेल, पण डब्यांचं वजन पडल्यावर हळूहळू सैल होईल. तिथे 10 मिमी जाड आणि किमान 80 मिमी लांब नायलॉनचा प्लग हवा, भोकही हॅमर बंद ठेवून. हे सामान मिळत नसेल तर माणूस बोलवा. नळाच्या आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक नको, त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जागा सोडा. पाइप आणि वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. आणि कपाटाची उंची ओट्यावरून मोजू नका! पाणी सिंककडे जावं म्हणून गवंडी बऱ्याचदा ओट्याला मुद्दाम उतार देतात. पाणी भरलेल्या लेव्हल पाइपने भिंतीवर वेगळी रेघ मारा, ओट्यापासून साधारण दोन फुटांवर.

शटरच्या बिजागरीसाठी 35 मिमीची वाटी कोरावी लागते. 18 मिमीच्या प्लायमध्ये ती 13 मिमीपेक्षा खोल गेली की बाहेरच्या सनमायकाला फुगवटा येतो. हे घरच्या ड्रिलने करू नका. पॅनल कापून, कडेला पट्टी (एजबँड) लावून, भोकं पाडून देणारी दुकानं आहेत. तिथून करून आणा आणि फक्त जोडणी घरी करा.

पाइपगॅस असेल तर मीटरपासूनची लाइन हलवणं हे गॅस कंपनीच्याच माणसाचं काम. सिलिंडर ड्राय बाल्कनीत ठेवून भिंतीला भोक पाडून रबरी नळी आत घेतात, तेही नको. नळी पूर्ण डोळ्यांसमोर हवी, भिंतीत चिरली तर कळत नाही. सिलिंडर कपाटात राहणार असेल तर शटरला अगदी तळाशी जाळी द्या, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो. ओव्हनसाठी 16 अँपिअरचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या.

प्रश्न : चिपळूणला घर आहे. सुतार प्लाय म्हणतो, मॉड्युलरवाला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड). ट्रॉल्यांचं स्टील चुंबकाने तपासा असंही कुणी सांगितलं. काय करावं?

उत्तर : कोकणच्या पावसात सिंकखाली एमडीएफ नकोच, एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायचा शिक्का असलेला प्लाय घ्या आणि कापलेली प्रत्येक कड, पाइपसाठी पाडलेलं भोकसुद्धा, बंद करून घ्या. पाणी शिरतं ते तिथूनच. कोरड्या भिंतीवरच्या कपाटाला आयएस 303 मधला बीडब्ल्यूआर (पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा) ग्रेड चालतो. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका : 304 या चांगल्या ग्रेडच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, पण स्वस्तातल्या 202 लाही चिकटत नाही. बिलावर ‘304’ लिहून घ्या.

प्रश्न : माणूसच बोलवायचा ठरला तर पैसे कसे द्यावेत?

उत्तर : आधी भाव कशाचा ते विचारा. एकजण रनिंग फुटाचा, म्हणजे नुसत्या लांबीचा सांगतो, दुसरा शटरच्या चौरस फुटाचा; आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. प्लायचा ग्रेड, चॅनलची कंपनी, ट्रॉल्यांची संख्या, जुनं सामान कोण उचलणार, हे कोटेशनमध्ये लेखी हवं. माल घरी येऊन शिक्के तपासल्याशिवाय मोठा हप्ता देऊ नका. शेवटचा दहा टक्के हप्ता ट्रॉल्यांत भांडी भरून आठवडा झाल्यावर. रिकाम्या ट्रॉल्या सगळ्याच छान सरकतात.