तिची पानं तिला परत द्या

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे. विषय इंग्रजी साहित्य, आतापर्यंत ७८ टक्क्यांच्या वर. आम्ही बी.एड. ठरवलंय, ती मात्र फिल्म स्टडीजमध्ये एम.ए. करायचं म्हणते. सिनेमाच्या लाइनला आमच्याकडचं कुणी गेलेलं नाही. तिने ‘कुंकू’ या जुन्या मराठी चित्रपटावर लिहिलेली पानं सोबत जोडतो, तिला हे माहीत नाही. यात भवितव्य नाही असं तुम्ही लिहिलंत, तर तिला दाखवता येईल. – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. टक्क्यांची मला चिंता नाही. ‘तिला हे माहीत नाही’ या वाक्याशी मात्र मी अडले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीचं लिखाण तिला न विचारता परक्या माणसाकडे पाठवायचं आणि त्याच्या तोंडून नकार वदवून घ्यायचा, हे बरोबर नाही. तिला कधीतरी कळेलच, आणि मग ती तुम्हाला काही दाखवायचीच नाही. तसा नकार मी लिहून देणार नाही. बी.एड. वाईट नाही, पण ज्याला शाळेत शिकवायचंय त्याने ते करावं. तुमच्या पत्रात ती इच्छा तुमची दिसते, तिची नाही.

आता ‘सिनेमाची लाइन’. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन शिकायचं तर पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट-प्रशिक्षण संस्था. ती वाट वेगळी. फिल्म स्टडीज हा इतिहासासारखा वाचायचा-लिहायचा विषय आहे. चित्रपट कुणाच्या पैशावर निघाला, सेन्सॉरने काय कापलं, बघायला कोण आलं, टीव्ही आल्यावर घरातली संध्याकाळ कशी बदलली, हे पुराव्यानिशी मांडायचं. पुरावा म्हणजे खुद्द फिल्म, जुन्या जाहिराती, मासिकांतली परीक्षणं, गाण्यांच्या पुस्तिका. आपले बहुतेक मूकपट आज उरलेलेच नाहीत. कितीतरी चित्रपटांची आठवण अशा कागदांवरच टिकून आहे. ‘कुंकू’ काढणारी प्रभात फिल्म कंपनी १९२९ला कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ला पुण्यात आली. तिच्याविषयीचा बराच मजकूर मराठीत आहे. तो मुळातून वाचता येणं ही तुमच्या मुलीची मोठी जमेची बाजू.

पानं आलीच आहेत, म्हणून सांगते. पहिली अडीच पानं नुसतं कथानक आहे, ते काढावं. पण शेवटी तिने भिंतीवरच्या जुन्या घड्याळाकडे बोट दाखवलंय आणि त्याचा संबंध नायिकेच्या म्हाताऱ्या नवऱ्याशी लावलाय. नजर आहे. आता कष्ट हवेत. पाच मिनिटांचा एक प्रसंग निवडावा. एकदा आवाज बंद करून बघावा, एकदा डोळे मिटून नुसता ऐकावा. मग प्रत्येक शॉटची नोंद : किती सेकंद, कॅमेरा किती जवळ, काय ऐकू येतं, कशावर कट. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि रस्त्यावरचं, त्यामुळे आवाजाचा रकाना इथे सर्वांत महत्त्वाचा. नवखी मुलं हाच रकाना रिकामा सोडतात आणि मग ‘प्रभावी’, ‘हृदयस्पर्शी’ अशा विशेषणांनी पान भरतात.

प्रवेशासाठी कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ आणि दिल्लीतलं जेएनयू ही दोन नावं आधी बघा. जेएनयूला सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा लागते, तिचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात. जादवपूरची प्रक्रिया वेगळी आहे, त्या वर्षीची सूचना वाचा. प्रवेशानंतर दोन्हीकडे इंग्रजीतून लांब निबंध लिहावे लागतात. साहित्याच्या मुलीला ते जड जाऊ नये.

नोकरीचं स्पष्ट बोलते. जागा थोड्या आहेत. निव्वळ परीक्षणं लिहून घर चालत नाही. कॉलेजात शिकवायचं तर सहसा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि नेटच्या यादीत फिल्म स्टडीज हा वेगळा विषय नाही. मास कम्युनिकेशनसारख्या जवळच्या विषयातून बसावं लागतं. हे एम.ए.नंतर कळलं तर वर्ष जातं, म्हणून त्याचा अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी समोर ठेवावा. याशिवाय संग्रहालयं, जुन्या फिल्मचं जतन, महोत्सव, सबटायटल्स अशी कामं आहेत, पण ती ओळखीपाळखीने आणि सुरुवातीला कमी पैशांत मिळतात. दोन वर्षांचा खर्च झेपणार असेल तरच पाठवा, कर्ज काढून नको.

एकदम कोलकाता-दिल्लीची भीती वाटत असेल तर पुणे जवळ आहे. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयाची वेळ विचारून तिला आठवडाभर तिथे बसू द्या. नुसती पडद्याची हौस असेल तर जुने कागद चाळताना दोन दिवसांत कंटाळेल.

आज मात्र पानं परत द्या आणि ती मला पाठवली होती हे तुम्हीच तिला सांगा. ‘कुंकू’ची हिंदी आवृत्तीही १९३७चीच, ‘दुनिया ना माने’. दोन्हींतला एकच प्रसंग शॉटच्या नोंदींसह तिला पाठवू दे, तिच्या नावाने. त्याचं उत्तर मी तिलाच लिहीन.